रेट्रो किचनचं गिफ्ट सामान : काय घ्यायचं अन् काय राहू द्यायचं

आधीच सांगून टाकते, हे रेट्रो-व्हिंटेज म्हणून विकतात ते सामान सगळंच फालतू नसते आणि सगळंच फोटोतल्यासारखं पण नसते. भंडारा जिल्ह्यात साकोलीला आमच्या जाऊबाईंच्या नवीन घराची वास्तुशांती होती, त्यांना अजून एक गणपती अन् अजून एक भिंतीवरचं घड्याळ द्यायचं नव्हतं, म्हणून ऑनलाइन एक "व्हिंटेज किचन गिफ्ट सेट" मागवला आणि सेल चालू होता तर सुटं सुटं पण बरंच काही कार्टमध्ये टाकत गेली. दुकानाचं नाव टाकत नाही, तसली दुकानं पाच-पंचवीस आहेत आणि फोटो पाहिले तर सगळीकडे तेच ते सामान. त्यातलं काही दिलं, काही घरीच ठेवून घेतलं, आता सगळ्यांचा एक पावसाळा काढून झाला म्हणून निवांत लिहून राहिली.

शहरात कसं आहे, आजीचं घर विकून झालं, भांडी मोडीत गेली, मग दहा-पंधरा वर्षांनी आठवण येते आणि माणूस ऑनलाइन आजीसारखा डबा शोधत बसतो. आमच्याकडे तसं नाही ना बाप्पा. इथे माळ्यावर अजून पाण्याचा गुंड आहे, परातीसारखा कोपर आहे, लग्नाच्या भाताचा जर्मनचा मोठा गंज, म्हणजे पातेलं आहे, वर्षातून दोनदा तो गावभर फिरून परत येते. म्हणून रेट्रो म्हणून काही दिलं की घरातली म्हातारी माणसं लगेच माळ्यावरच्या असल मालासोबत ते लावून पाहतात, आणि त्यांना फसवणं सोपं नाही. मी पण मग तोच हिशोब धरला. वस्तू रोज हातात घेतली जाईल का, गॅसवर चढेल का, राखेनं नाहीतर तारेच्या घासणीनं घासली तर टिकेल का. शोकेसमध्ये ठेवायचं असेल तर हा रिव्ह्यू वाचायची गरजच नाही, जे आवडलं ते घ्या.

डिलिव्हरीचं पटकन सांगते. आमच्या गावाचा पिनकोड टाकला की "नॉट सर्व्हिसेबल" येते, म्हणून लाखनीच्या एका ओळखीच्या मेडिकलचा पत्ता दिला, तिथे पेटी आली, तिथून ह्यांनी मोटरसायकलवर आणली. पॅकिंग चांगलं होतं, भरपूर बबलचा कागद होता, तो पोरांनी दिवसभर फोडला.

आता इनॅमलचे मग. पांढरे, काठाला निळी पट्टी, चारचा सेट. पेटीतून काढले तसे सासूबाई म्हणे, "काय वं, हे तं सरकारी दवाखान्यातलं भांडं होय, हे काऊन आणलं पैसे देऊन?" आणि खरंच आहे त्यांचं, दवाखान्यात ड्रेसिंगचा तो किडनीच्या आकाराचा ट्रे असायचा तो याच जातीचा. इनॅमल म्हणजे लोखंडाच्या नाहीतर स्टीलच्या पत्र्यावर काचेच्या पुडीचा थर देतात आणि साधारण 800 अंशाच्या भट्टीत तो वितळवून पत्र्याला चिकटवतात. म्हणजे वरून काच, आतून लोखंड. म्हणूनच आंबट पदार्थाचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही, ताक ठेवा, चिंचेचं पाणी ठेवा, अंबाडीची भाजी ठेवा, कळकणार नाही, वास पण धरत नाही. इंग्लंडमध्ये फाल्कन नावाची कंपनी 1920 च्या काळापासून असली निळ्या काठाची पांढरी भांडी करते आणि आज जगभर जे इनॅमल रेट्रो म्हणून खपते त्यातलं बरंचसं त्याच थाटाची नक्कल आहे. तिकडे पण ते गरिबाघरचं, फौजेतलं, शाळेतलं भांडं होतं, आता त्याची किंमत पहा.

वापरून कसं वाटलं? मग हलका आहे, धुवायला एकदम सोपा, चहाचा डाग पडत नाही. पण चहा गरम असला की काठ ओठाला चांगलाच भाजते, शेवटी पत्राच ना तो. आमच्याकडे सगळे बशीत ओतून पिणारे, त्यामुळे मग तसाच थंड होईपर्यंत ठेवतात आणि मग चहा पण थंड. पाण्याला, ताकाला, सरबताला मस्त. चहाला मी तरी म्हणेन नको. कॉफीवाले पाहुणे नागपूरहून आले की त्यांना देते, ते फोटो काढतात अन् खुश होतात.

एक मग पोराच्या हातून ओट्यावरून खाली फरशीवर पडला. फुटला नाही, पण काठाजवळ नखाएवढा टवका उडाला आणि आतला काळा पत्रा दिसायला लागला. तिथे आता गंज धरली आहे, रोज पुसून ठेवला तरी थोडी थोडी वाढतेच. टवका बाहेरून असेल तर चालून जाते, आतून असेल तर त्यात खाणंपिणं बंद करा, कारण त्या कडेची काच अजून निघू शकते आणि ती पोटात जायला नको. आमच्या त्या मगात आता ब्रश असतात. अजून एक, रिकामं इनॅमलचं भांडं गॅसवर ठेवून विसरू नका, आणि तापलेल्या भांड्यावर थंड पाणी मारू नका, काच अन् पत्रा वेगवेगळे फुगतात-आकसतात आणि थर तडकतो.

इनॅमलची किटली मात्र पैसा वसूल. हिरवी घेतली, लाकडी मुठीची, साधारण दीड लिटरची. गॅसवर चालते, इंडक्शनवर पण चालते कारण आत लोखंड आहे, आणि मी तर सरळ अंगणातल्या चुलीवर ठेवली. खालून काळी झाली पण काजळी काचेवरून निघून जाते, जर्मनच्या भांड्यासारखी घासत बसावी लागत नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसात बायांना बांधीवर, म्हणजे शेतात, चहा न्यायला हीच किटली नेली, चिखलाच्या हातानं सगळ्यांनी धरली, एक-दोनदा धुऱ्यावर आपटली पण, काही झालं नाही. फक्त झाकणाची कडी पण लोखंडाचीच आहे, फडकं घेतल्याशिवाय उघडता येत नाही, आणि चोचीला गाळणी नाही तर पत्ती सगळी कपात. घेताना एवढं करा, झाकण उघडून आत पहा. आतली बाजू गुळगुळीत काचेसारखी असली पाहिजे. काही स्वस्त माल नुसता रंग मारलेला असते, इनॅमल लुक लिहितात पण इनॅमल नसतेच, कोपऱ्यात नखानं खरवडलं तर कळते, काचेवर नख फिरते, रंगावर नख बसते. आणि बाहेरून कोणताही भडक रंग चालेल पण आतून पांढरा किंवा क्रीम असेल तेच घ्या, कारण लाल, पिवळ्या, केशरी रंगात कधी कधी कॅडमियम असते, ते खायच्या बाजूला कशाला.

डबे. सेटमध्ये टी, कॉफी, शुगर लिहिलेले तीन टिनचे डबे होते, क्रीम रंगाचे, कडेला मुद्दाम गंज लागल्यासारखी छपाई केलेली. छापलेली गंज कोणती अन् खरी कोणती हे पावसाळा संपेपर्यंत ओळखू येईना. भंडारा जिल्ह्यातला पाऊस म्हणजे भिंतीपण घाम धरतात, त्यात हा पातळ पत्रा, बुडाच्या जोडावरून गंज सुरू झाली, झाकण ढिलं म्हणून साखर ओली झाली आणि मुंग्यांनी लाइन लावली. पत्तीचा वास पण उडून गेला. पहिले डालड्याचा डबा यायचा ना, पिवळा, त्यावर हिरवं ताडाचं झाड, डालडा 1937 पासून बाजारात होता आणि तो तूप संपल्यावर पण वीस वीस वर्षं घरात राहायचा, आमच्याकडे त्यात तुळस होती, शेजारी त्यात कोंबड्यांचे दाणे होते, आणि सकाळी लोक काय काय घेऊन शेताकडे जायचे ते काही लिहायला नको. तो डबा काही कोणी गिफ्ट म्हणून घेतला नव्हता. आता सेटमधल्या शुगरच्या डब्यात शिलाईचं सामान, रिळं, बटनं असं आहे आणि त्या कामाला तो चांगला आहे. तुम्ही अशा डब्यात काही खायचं ठेवणारच असाल तर आत वेगळी पिशवी नाहीतर काचेची बरणी ठेवा, म्हणजे डबा फक्त वरून मिरवायला.

ब्रेड बिन नावाचा प्रकार पण घेतला होता. मोठी इनॅमलची पेटी, वरून लाकडाचं झाकण, मागे हवेसाठी भोकं. ब्रेड आमच्याकडे कोणी आजारी पडल्याशिवाय येत नाही, म्हणून मी म्हटलं पोळ्या ठेवू. भोकं असल्यामुळे पोळ्या संध्याकाळपर्यंत पापडासारख्या. पोळ्यांना आपला फडक्याचा डबाच बरा. मग त्यात कांदे, लसूण, आलू ठेवायला लागली आणि एक नंबर जमून गेलं, हवा लागते, अंधार राहते, कोंब लवकर येत नाहीत, लाकडी झाकणावर ठेवून कांदा चिरता पण येते. जाऊबाईंना तो फार आवडला, त्यांनी नागपूरहून स्वतः दुसरा मागवला. किंमत जास्तच आहे, दीड हजाराच्या वर, पण वापर होते रोज.

काचेच्या बरण्या. या मेसन जार म्हणून विकतात. अमेरिकेत जॉन मेसन नावाच्या टिनकाम करणाऱ्या माणसानं 1858 मध्ये आट्यांचं तोंड असलेल्या बरणीचं पेटंट घेतलं होतं, बायांना भाजी-फळं वर्षभर टिकवून ठेवता यावी म्हणून झाकण घट्ट बसलं पाहिजे हा त्यामागचा सगळा खटाटोप. आता त्याच्यात स्ट्रॉ टाकून सरबत देतात. आमच्या सेटमधल्या बरणीचं झाकण पत्र्याचं होतं. मी हौसेनं आंब्याचं लोणचं भरलं, आणि दिवाळीच्या आधीच झाकण आतून काळं पडून गेलं, मिठाचा अन् आंबटाचा पत्र्यावर मारा होणारच. लोणचं वेळेवर काढलं म्हणून वाचलं. कडधान्य, शेंगदाणे, मोहरी, खारोड्या यांना या बरण्या छान, आतलं दिसते तर शोधाशोध नाही. लोणच्याला मात्र चिनी मातीचीच बरणी, वरून पांढरा दादरा बांधायचा अन् सुतळी. ती वरून तपकिरी खालून पांढरी बरणी उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याहून येते बहुतेक, आठवडी बाजारात पण भेटते, आणि ऑनलाइन तीच बरणी रेट्रो पिकल जार म्हणून दुप्पट-तिप्पट किमतीत. आपल्या जवळच पाहायचं असेल तर चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघाचं मातीकामाचं केंद्र आहे, त्या बाजूनं गेलात तर थांबून पहा, मातीच्या वस्तू द्यायच्या असल्या तर तिथून नेलेलं कोणाला वाईट वाटणार नाही.

मध्येच एक गंमत सांगून घेते. त्याच दुकानाच्या पानावर गोटी सोड्याची रिकामी बाटली व्हिंटेज फ्लॉवर पॉट म्हणून साडेतीनशेला. हिरम कॉड नावाच्या इंग्रजानं 1872 मध्ये काढलेली बाटली ती, गॅसच्या दाबानं गोटी वर येऊन तोंड बंद करते. तिकडे ती संग्रहालयात गेली, आपल्याकडे जत्रेत अजून ठॉक करून उघडतात आणि पिऊन झालं की सोडेवाला हातातून हिसकून घेते बाटली. साडेतीनशे म्हणे.

रेट्रो वजनकाट्याबद्दल फार लिहीत नाही. वरून गोल डायल, खाली स्प्रिंग, दिसायला फारच सुंदर, पण काटा कधी शून्यावर राहत नाही, अर्धा किलो साखर कधी साडेचारशे कधी साडेपाचशे. केक करणाऱ्यांनी तर घेऊच नका. आमच्या घरात आजेसासऱ्यांची शेर, अदशेर, पावशेरची वजनं आहेत, 1956 च्या कायद्यानंतर किलो-ग्रॅम आलं तसं ती बिनकामाची झाली, पण वजनं अजून बरोबर आहेत, आणि एक दार अडवायला रोज वापरात.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसली ते पितळेचं. "अँटिक ब्रास मसाला डबा", सात वाट्या, जाड काचेचं झाकण, साडेचौदाशे रुपये, चार पॉइंट तीन स्टार. हातात घेतला तेव्हाच हलका वाटला. पोरीच्या शाळेच्या प्रोजेक्टचं चुंबक होतं घरात, ते लावलं तर टक्कन चिकटलं. पितळ म्हणजे तांबं अन् जस्त, त्याला चुंबक चिकटतच नाही. म्हणजे आत लोखंड, वरून सोनेरी मुलामा, त्याच्यावर काळपट पॉलिश करून जुना दिसतो असं केलेलं. वर्णन परत वाचलं तर खाली बारीक अक्षरात "ब्रास फिनिश" लिहिलेलं होतं, वरती मोठ्या अक्षरात ब्रास. रिटर्न टाकलं, पिकअपवाला येतो म्हणे, येत नाही म्हणे, शेवटी मेडिकलवाल्या भाऊंनीच फोनवर भांडून तो परत पाठवला, पैसे आले पण डोकं उठलं.

तुम्ही ऑनलाइन पितळ घेत असाल तर चुंबक ही पहिली परीक्षा, वजन ही दुसरी. पानावर ग्रॅममध्ये वजन दिलेलं नसेल तर घेऊच नका, कारण असल पितळ विकणारा माणूस वजनाशिवाय बोलतच नाही. आणि ज्याच्यावर लॅकर मारलेलं असते, म्हणजे कायम चमकत राहावं म्हणून पारदर्शक थर, ते शोभेलाच ठीक, त्यात खायचं काही ठेवायचं नाही.

आणि खरं म्हणजे भंडाऱ्याच्या माणसानं पितळ ऑनलाइन घ्यायचंच कशाला? आमचं भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी पहिल्यापासून प्रसिद्ध, लोक ब्रास सिटी म्हणतात, नागपूर-गोंदियापर्यंतच्या लग्नातलं आंदण इथून जायचं. आता पहिल्यासारखं राहिलं नाही, स्टील आलं, मग नॉनस्टिक आलं, कारागीर कमी झाले, ज्या दुकानात पहिले दारापासून छतापर्यंत पितळ होतं तिथे आता अर्ध्याच्या वर स्टील अन् प्लास्टिक आहे. पण बाजारात अजून दुकानं आहेत आणि मागच्या खोलीत माल आहे, फक्त विचारावं लागते. मी ज्या दुकानात गेली तिथल्या काकांनी पहिले मला स्टीलचा डिनर सेट दाखवला, मी म्हटलं काका पितळेचा मसाल्याचा डबा पाहिजे, जुन्या पद्धतीचा, तर म्हणे, "ताई, आता हे फक्त मुंबईचे लोक विचारतात." मग आतून काढून आणला. जाड बुडाचा, गोल, झाकणाला कडी, आत सहा वाट्या. तराजूवर ठेवला, सव्वा किलोच्या वर भरला. भाव रोज बदलते, आम्ही घेतलं त्या दिवशी किलोला नऊशेच्या आसपास होता, म्हणजे त्या खोट्या डब्यापेक्षा कमीच पैसे, आणि हा मोडीत घातला तरी निम्म्याच्या वर पैसे परत येतील. ऑनलाइनच्या डब्याला मोडीत कोणी हात लावणार नाही.

मसाल्याच्या डब्याला कल्हई पाहिजे का असं मी विचारलं तर काका म्हणे कोरडा मसाला असेल तर चालते, पण मीठ ठेवू नको, मीठ पितळेला खाते. शिजवायचं भांडं, ताका-कढीचं भांडं असेल तर कल्हई लागतेच, नाहीतर कळकते आणि ते पोटाला बरं नाही. जाऊबाईंसाठी मी डब्यासोबत एक छोटा पितळी गंज पण घेतला, वरणासाठी, आणि त्याला तिथेच कल्हई करून घेतली. ते पाहायला भेटलं हे त्या दिवसाचं खरं बक्षीस. गल्लीत मागे एक म्हातारे कारागीर बसले होते, कोळशाच्या भट्टीला पंखा लावलेला. गंज उलटा करून तापवला, सुलटा केला, आत नवसागराची चिमूट टाकली तसा पांढरा धूर भसकन वर आला आणि नाकात गेला, डोळ्यात पाणी. मग कथिलाची काडी नुसती टेकवली, कथिल 232 अंशालाच वितळते, तर ती काडी लोण्यावाणी पळाली बुडावर, आणि कापसाच्या बोळ्यानं हात एकदा गोल फिरवला तर पिवळा गंज आतून पूर्ण चांदीसारखा पांढरा. एवढं झटपट की मी मोबाइल काढेपर्यंत संपलं होतं. दुसऱ्यांदा करा म्हणता पण येत नाही ना. रोज वापरलं तर वर्षातून एकदा तरी परत करावी लागते, आणि अडचण तीच आहे, गावात आता कल्हईवाला येत नाही, पहिले भट्टी घेऊन यायचा अन् आरोळी द्यायचा. म्हणून शहरात राहणाऱ्या कोणाला पितळेचं शिजवायचं भांडं देत असाल तर कल्हई कुठे होते ते पण सांगून द्या, नाहीतर ते भांडं शोकेसमध्ये जाणार. त्यांना डबा द्या, गडवा-पेला द्या, काशाची वाटी द्या. काशाची वाटी तर म्हाताऱ्या माणसांना फार चालते, तळपायाला तेल-तूप लावून वाटीनं घासतात, उन्हाळ्यात झोप चांगली लागते म्हणतात.

जाऊबाईंचं काय झालं ते राहिलं. वास्तूच्या दिवशी त्यांना मी ब्रेड बिन, किटली, पितळी डबा आणि तो गंज असं दिलं. घरी आलेल्या बायांमध्ये किटली हातोहात फिरली, कुठून घेतली, कितीला, लिंक पाठव. पितळी डब्याकडे तरुण पोरींनी पाहिलं पण नाही. साठीच्या पुढच्या बायांनी मात्र तो उचलून पाहिला, बोटानं वाजवून पाहिला, झाकणाची कडी हलवून पाहिली, आणि एक म्हणाली, "हे जमलं वं तुले. माझा असाच होता, पोरानं मोडीत देऊन मिक्सर आणला." जाऊबाई आता पाहुणे आले की किटली पुढे करतात, पण रोजची फोडणी पितळी डब्यातूनच. दर पंधरवड्याला चिंच-मीठ नाहीतर पितांबरी घेऊन घासावा लागतो, ते काम आहे, खोटं कशाला बोला. ज्याला घासायचा कंटाळा असेल त्याला पितळ देऊ नका, तो दोन महिन्यात काळा करून टाकेल आणि तुम्हालाच शिव्या.

तर पैशाच्या हिशोबानं सांगायचं तर माझा पूर्ण सेट परत घ्यायचा विचार नाही. इनॅमलची किटली पाहून-सवरून सुटी घ्या, कांद्यासाठी पेटी जमत असेल तर घ्या. इनॅमलचा मग चहासाठी नको. टिनचे डबे, काटा, आणि ज्याच्या नावात "फिनिश", "लुक" किंवा "इन्स्पायर्ड" आहे ते सगळं सोडून द्या. सेट घेतला की ही दोन कामाची अन् चार बिनकामाची अशी मोट बांधून देतात, म्हणून सेट स्वस्त दिसते.

दुकानातून घेण्याचा अजून एक फायदा म्हणजे नाव. भंडाऱ्याला काय, तालुक्याच्या बहुतेक भांड्यांच्या दुकानात ते टिकटिक आवाजाचं छोटं मशीन असते, भांडं घेतलं की तिथल्या तिथे ठिपक्या ठिपक्यांत नाव, तारीख, कोणाकडून ते सगळं टाकून देतात, पैसे घेत नाहीत नाहीतर दहा-वीस रुपये. ऑनलाइन हेच "पर्सनलाइज्ड एनग्रेव्हिंग" म्हणून तीनशे रुपये वेगळे लावतात आणि मराठीत करून देतच नाहीत. फक्त नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या आणि समोर उभं राहून टाकून घ्या, गर्दीत सोडून चहाला जाऊ नका. आमच्या माळ्यावर आतेसासूंच्या लग्नातला गुंड आहे, त्याच्यावर टाकणाऱ्यानं घाईत "सप्रेम भेळ" टाकलेलं आहे, मामाच्या नावासकट, तारखेसकट, आणि पितळेवरचं खोडता पण येत नाही.